चित्र बदलू नका, म्हणालो

आधी एक सांगून टाकतो. मला वेड लागलं नव्हतं. बाहेरची बाधा नव्हती. म्हातारचळही नव्हता. ही तिन्ही निदानं भावकीनं फुकटात केली आणि तिन्ही चुकली. माझ्यासारखं ज्याला झालंय त्याच्या कामाला येईल म्हणून लिहितोय. मी चौथी पास. जोडाक्षरं सुनेनं सरळ केली, बाकी सगळं माझं.

वय बहात्तर. आमचं रान चाकणच्या पट्ट्यात होतं, तिथं आता कारखान्यांची शेडं आहेत. रान गेलं तसा मीही कंपनीत गेलो. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून भावकीतल्याच एकाच्या प्रेस शॉपमध्ये सेटर म्हणून लागलो. राहायला मोशीला. घरात मी, बायको आवडा, मुलगा दत्ता आणि सून स्मिता.

गुटका

पॉवर प्रेस म्हणजे पत्रा एका दणक्यात कापणारं, वाकवणारं मशीन. खालचा साचा जागेवर असतो, वरचा धाडकन खाली येतो. साचा बसवायचा, उंची जुळवायची, पहिला तुकडा तपासायचा, हे सेटरचं काम. मशीनला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच दणका येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, साच्यात हात असूच शकत नाही. ही अक्कल ज्यानं काढली त्याला माझा नमस्कार. आमच्या शॉपमध्ये ती अक्कल ज्यानं मोडली, तो मी.

बाभळीचा बोटभर गुटका, म्हणजे लाकडाचा ठोकळा. डाव्या बटणाच्या कडेला ठोकला की बटण दाबलेलंच राहतं. डावा हात मोकळा. त्यानं तुकडा सरकवायचा, उजव्यानं बटण मारायचं. शिफ्टला माल कितीतरी जास्त निघतो. हे मी एकटाच करत होतो असं नाही. कुणी चिंधी बांधतं, कुणी नाणं अडकवतं. पण माझा गुटका नीट तासलेला, तेल पाजलेला. शिफ्ट सुरू झाली की पहिली हाक, "अण्णांचा गुटका कुठाय?" मला त्याचा गर्व होता. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो.

माधव आमच्या मशीनवरचा. लातूरकडचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. डबा उघडला की आधी माझ्याकडे सरकवायचा, "अण्णा, जवसाची चटणी घ्या." एका दुपारी त्याचा डावा हात साच्यात होता आणि उजव्यानं सवयीनं बटण मारलं. हात मनगटापासून गेला. जास्त लिहीत नाही.

मी चार पावलांवर होतो. पहिलं, मशीन बंद केलं. दुसरं, गुटका उपटून खिशात घातला. तिसरं, माधवकडे गेलो. क्रम हाच. तो मी दोन वर्षं कुणाला सांगितला नाही.

चौकशी झाली. मशीन ठीक, दोन्ही बटणं ठीक, कामगाराचा निष्काळजीपणा. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. चौथी पास माणूस सही फार सावकाश करतो. थांबायला भरपूर वेळ होता. थांबलो नाही.

मोतीबिंदू

काम सोडून घरी बसलो आणि चित्र सुरू झालं. एकच चित्र. भर दिवसा, उघड्या डोळ्यांनी. ताटावर, भिंतीवर, टीव्हीतल्या माणसाच्या अंगावर. जोडीला दणका. कुणी गाडीचं दार आपटलं की मी भिंतीला टेकलेला.

सगळ्यात वाईट भाकरी. आवडा थापायला बसली की तळव्याचा तो आवाज आणि परातीत तिचा हात. मी उठून बाहेर जायचो. एकदा उठायलाही जमलं नाही, परात लाथेनं उडवली. पन्नास वर्षांच्या संसारात तिच्यावर हात उचलला नव्हता, आणि तिच्या भाकरीवर पाय उचलला.

"अवो, झालंय तरी काय तुमास्नी?"

"उद्यापासनं पोळ्या कर."

"जल्मात पोळीनं पोट भरलं न्हाई तुमचं."

"आता भरंल."

मग मी बाहेर गेलो की ती थापायची आणि संध्याकाळी गार भाकरी स्वयंपाकघरात उभ्यानं खायची. मला कळत होतं.

आता माझी अक्कल बघा. चित्र दिसतं, म्हणजे डोळ्यात बिघाड आहे. सरळ आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. चित्राचं काही सांगितलं नाही, "नीट दिसत न्हाई" एवढंच म्हणालो. त्यानं तपासून मोतीबिंदू सांगितला. मला केवढा आनंद! भिंग बदलणार, चित्र जुन्या भिंगाबरोबर जाणार. हसत टेबलावर झोपलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टर म्हणाला, "काय बाबा, स्वच्छ दिसतंय ना?"

"लई स्वच्छ. आधी धुरकट होतं. आता नखं बी दिसाया लागली."

"कुणाची नखं?"

तिथं मी रडलो. बापाच्या मयतीला रडलो नव्हतो. त्या तरण्या डॉक्टरनं बाकीच्या पेशंटांना बाहेर थांबवलं, स्टूल ओढून बसला आणि सगळं ऐकून घेतलं. गुटका सोडून सगळं. शेवटी म्हणाला, "बाबा, हे भिंगावर नाही. भिंगाच्या मागं आहे. माझ्या हातातलं नाही, पण ज्यांच्या हातातलं आहे त्यांच्याकडे पाठवतो."

मनाच्या डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं. आघातानंतरचा ताण. मी उसळलो. म्हणालो, "हात त्याचा गेला आन् आजारी मी? असली नाजूक तब्येत आमच्या खानदानात कुणाची न्हाई." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बघणाऱ्यालाही होतं. आणि खानदानात कुणाला झालं असेल, तर त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं का?" घरी येताना आठवलं, माझा चुलता विहिरीच्या सुरुंगात भाऊ गमावून आला आणि पुढची तीस वर्षं विहिरीकडे पाठ करून बसायचा. आम्ही त्याला तऱ्हेवाईक म्हणायचो.

तीन वाटा

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, डोळ्यांच्या मार्गानं मनाची जखम भरायचे उपाय आहेत, एकाहून जास्त. चौकशी करा, तुम्हाला झेपेल तो घ्या.

चौकशी स्मितानं केली. ती हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करते. तिनं रविवारी कागदावर तीन नावं लिहून वाचून दाखवली. ब्रेनस्पॉटिंग, एआरटी, ईएमडीआर. मी म्हणालो, "पोरी, ही औषधं हायत का गाड्यांची मॉडेलं?" मग तिनं माझ्या भाषेत सांगितलं.

पहिल्या वाटेत डोळा एका जागी ठरवायचा. मी गेलो. ते सर तळेगावला बसायचे. हातात लांब काडी, टोकाला रंगीत मणी. काडी सावकाश सरकवत न्यायची, जिथं नजर गेल्यावर छातीत धडधडतं तिथं थांबवायची आणि तिथंच बघत बसायचं. माणूस भला, घाई नाही की बडबड नाही. पण मी चाळीस वर्षं एकाच जागी बघण्याचाच पगार घेतला होता. साच्याच्या तोंडात. नजर ठरली आणि मी थेट मशीनपुढं उभा. सरांनी पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं, "हे काहींना फार चांगलं लागू पडतं. तुम्हाला आत्ता नाही झेपत. दुसरीकडे जा, मला वाईट वाटणार नाही." असा माणूस विरळा.

दुसरी वाट निगडीकडची. थंडगार खोली, मऊ खुर्ची. तिथंही समोरच्याच्या हातामागं डोळे फिरवायचे, पण पुढं एक गोष्ट जास्त. नको असलेलं चित्र काढायचं आणि त्या जागी आपल्या आवडीचं चित्र बसवायचं. तिथल्या बाईंनी नीट समजावलं, "बाबा, काय घडलं ते तुम्हाला माहीत राहील. फक्त डोळ्यांपुढे येताना वेगळं चित्र येईल. थोड्याच बैठका लागतात."

"म्हणजे हात शाबूत दिसंल?"

"तुम्ही ठरवाल तसं."

दत्ता माझ्याबरोबर होता. बाहेर पडताच म्हणाला, "अण्णा, हेच करू. चार दिवसात मोकळे."

"आन् माधव रस्त्यात भेटला तर? त्याच्या हाताकडं बघू का माझ्या चित्राकडं?"

"तो कशाला भेटतोय? दोन वर्षांत भेटला का?"

दत्ताचं मन मला कळत होतं. त्याचा टेम्पो त्याच शॉपचा माल उचलतो, मालक भावकीतला. जुनं चित्र जितक्या लवकर पुसेल तितकं बरं. तो माझा वैरी नाही. बापाला भिंतीशी बोलताना बघून कोणत्या पोराला बरं वाटेल? पण मी ऐकलं नाही. ज्यांनी काही केलेलं नाही, ज्यांच्यावर नुसतं येऊन आदळलंय, त्यांनी खुशाल चित्र बदलावं. त्यांचा तो हक्क आहे, मी नावं ठेवणार नाही. माझं तसं नव्हतं. माझ्या चित्रात माझा खिसा होता.

म्हणालो, "चित्र बदलायचं न्हाई. चावायचं थांबलं की बास."

"मग मरा त्या चित्रासंगं," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली. तसा तो असं बोलत नाही.

बोटं नकोत

राहिली तिसरी, चार इंग्रजी अक्षरांची, ईएमडीआर. संत तुकाराम नगरात एका माडीवर डॉक्टरबाई बसायच्या. पन्नाशीच्या, चष्मा, सुती साडी. मी जाताच बजावलं, "मला समदं बोलायला लावू नका."

"नका सांगू सगळं. मनात धरा, तेवढं पुरे."

"चित्र बदलायचं न्हाई."

"मी नाही बदलणार. ते आपणहून हललं तर हलू द्या."

"आन् किती दिवस?"

"माहीत नाही. लागतील तेवढे."

खोटी तारीख न देणारा माणूस मला आवडतो. म्हणालो, करा सुरू. बाई समोर तिरप्या बसल्या आणि दोन बोटं माझ्या डोळ्यांपुढं धरली. "डोकं हलवायचं नाही. फक्त डोळ्यांनी बोटांच्या मागं या."

दोन बोटं. माझ्या डोळ्यांपुढं. एकटी.

मी कधी उठलो ते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तो खाली बसस्टॉपवर, अनवाणी. बसा येत होत्या, जात होत्या. थोड्या वेळानं बाई स्वतः जिना उतरून आल्या, माझ्या चपला हातात. एवढी शिकलेली बाई, म्हाताऱ्याच्या फाटक्या चपला हातात घेऊन भर रस्त्यात उभी. त्यांनी त्या माझ्या पायांपुढं ठेवल्या आणि शेजारी बसल्या.

"चूक माझी. हाताचा अपघात म्हटल्यावर मी बोटं धरायला नको होती. दुसरं काय चालेल? पेन आहे. दिवे सरकणारी पट्टी आहे. दोन्ही तळव्यांत धरायची थरथरणारी छोटी यंत्रंसुद्धा आहेत."

"मशीन नको. मी आणतो काहीतरी."

पुढच्या वेळी मी गोंडा नेला. लोकरीचा लाल गोंडा. आमचा हिऱ्या नावाचा बैल होता, गाड्याच्या शर्यतीला पळायचा, त्याच्या शिंगाचा. तीस वर्षं देव्हाऱ्याच्या खिळ्याला होता. बाईंनी तो फुटपट्टीला बांधला. शर्यतीच्या घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या, कडेला बसलेला माणूस काय करतो? मान ताठ, आणि नजर गाड्याबरोबर या टोकापासून त्या टोकाला. माझ्या डोळ्यांना ते काम जन्माचं ठाऊक होतं. त्यांना शिकवायला लागलं नाही.

अजून एक. पहिल्याच बैठकीत बाई म्हणाल्या, "तुम्ही तळहात वर केलात की मी त्या क्षणी थांबणार. कारण विचारणार नाही." मी म्हणालो, म्हणजे मशीन जागेवर बंद करायचं लाल बटण. त्या म्हणाल्या, हो, आणि ते तुमच्याकडे. मी दोन वेळा उगाच हात वर करून बघितला. दोन्ही वेळा थांबल्या. वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं, वाट कुठलीही धरा, लाल बटण कुठाय ते आधी विचारा. आणि नुसतं विचारू नका, दाबून बघा. बटणांच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवा, मी एक मोडून बसलेला माणूस आहे.

शंभर टन

दर मंगळवारी अकराला. जाताना एकटा, बसनं. चित्र मनात धरायचं, गोंडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मग थांबून एक लांब श्वास आणि बाईंचा प्रश्न, "आता काय दिसतंय?" जे असेल ते सांगायचं. काही नसेल तर काही नाही. मग पुन्हा गोंडा.

सुरुवातीला त्या विचारायच्या, "शून्य ते दहा, किती त्रास?"

"बाई, आमची प्रेस शंभर टनाची. शंभर टन."

त्या हसल्या नाहीत. कागदावर शंभर टन लिहिलं. पुढं सगळं टनातच.

लगेच बरं वाटतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिल्या तीन मंगळवारांनंतर मी जास्त बिघडलो. अंग दुखायचं, चिडचिड व्हायची, आवडानं केलेल्या पोळ्या कडू लागायच्या. भावकीतल्या एकानं आळंदीच्या बाजूचा अंगारा आणून दिला. म्हणाला, "अण्णा, लाल गोंडा हलवून कुठं आजार जातो व्हय? त्या बाईनं भारलंय तुमाला." मी म्हणालो, "तुझ्या अंगाऱ्यानं तुझं गुडघं बरं झालं का? मग बस." अंगारा मात्र आवडानं घेतला. तिला तेवढाच आधार.

पाचव्या का सहाव्या वेळी चित्र हललं. कुणी हलवलं नाही, आपणहून. आतापर्यंत फक्त साचा आणि हात दिसायचा, चौकटीत डकवल्यासारखा. त्या दिवशी चौकट रुंद झाली. जमीन दिसली, तेलाचे डाग दिसले, माझी पँट दिसली. खिसा दिसला. आणि खिशात जाणारा माझा हात बघत असलेले माधवचे डोळे दिसले.

मी तळहात वर केला. गोंडा थांबला.

"त्यानं बघितलं," मी म्हणालो. आणि दोन वर्षं दाबून ठेवलेला गुटका त्या खोलीत पहिल्यांदा बाहेर पडला. सगळा क्रम सांगितला. एक, दोन, तीन.

बाईंनी तोंड वाकडं केलं नाही. धीरही दिला नाही. मी विचारलं, "बाई, त्यानं खरंच बघितलं असंल का?"

"मी सांगू शकत नाही, अण्णा. आठवण खरी असते, कधी मनानं रचलेलीही असते. गोंड्याला त्यातलं कळत नाही. ते एकाच माणसाला ठाऊक आहे."

"आता किती टन?" त्यांनी जाताना विचारलं.

"चित्र तीस. पण खिसा दोनशे."

घरात

त्या आठवड्यात मी घरी सांगितलं. सगळ्यांना बसवून. गुटका आणून मध्ये ठेवला. तो मी माळ्यावर रंगाच्या डब्यात ठेवला होता.

आवडा बघत राहिली. "हेच का ते? ह्याच्यापायी माजी भाकर बंद केलीत?"

दत्ता उभा राहिला. "आता हे उकरून काय मिळणार? मालक आपला माणूस हाय. माझा टेम्पो तिथं हाय. आन् तुमी सही केलीय अण्णा, तुमाला बी आत टाकतील."

"टाकू देत. जेवायला पोळीच देतील ना? सवय हाय मला."

"चेष्टा नका करू!"

स्मिता हळू म्हणाली, "अहो, गुटका तसाच राहिला तर उद्या दुसऱ्याचा हात जाईल. तिथं अजून लावतात ना?"

दत्ता टेम्पोची किल्ली उचलून बाहेर गेला. म्हणजे लावत होते. तो रोज माल उचलायला जातो, त्याला दिसत असणार.

तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. एका ताटात जेवणारी माणसं आम्ही, आणि मीठ मागायचं तर आवडाच्या मार्फत. हे आजाराचंच अंग आहे, हेही लिहून ठेवतो. औषध घेणाऱ्याला वाटतं आपण एकटेच घेतोय. कडू घरभर लागतं.

मी मात्र ठरवलं होतं. आधी माधव, मग कागद.

माधवचं दार

माधव तळेगावला भाड्यानं राहत होता. एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं काम मिळालं होतं. स्मितानं पत्ता काढला आणि रविवारी स्कूटरवर मागं बसवून नेलं. गुटका त्याच खिशात घेतला. चाकण रोडला शेडं दिसू लागली तशी मी तिच्या खांद्यावरून हात पुढं काढून तळहात वर केला, ती खूण निघतानाच सांगून ठेवली होती. तिनं खरंच गाडी बाजूला घेतली. कारण विचारलं नाही. मी कडेला बसून श्वास घेतला, समोरच्या विजेच्या दोन खांबांवर नजर नेली, आणली, नेली, आणली. मग म्हणालो, "चल."

दार माधवनंच उघडलं. डाव्या बाहीचं टोक आत दुमडलेलं. मी बघितलं. नीट बघितलं. दणका आला नाही.

"अण्णा? तुम्ही? या ना, बसा. अगं, पाणी आण, अण्णा आलेत."

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, विषय निघाला असता पावसापाण्याचा, आणि मी परत आलो असतो. उभ्यानं गुटका काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"हा त्या दिवशी बटणात होता. मी काढून खिशात घातला. तुझ्याकडं यायच्या आधी. तू बघितलंस ते खरं हाय."

माधव गुटक्याकडे बघत राहिला.

"मी काय बघितलं?"

"मला खिशात घालताना. तुझी नजर व्हती."

"नाही अण्णा. माझे डोळे मिटले होते. मला पत्रासुद्धा आठवत नाही."

म्हणजे ते डोळे माझ्या मनानंच लावले होते. मी न सांगता परत गेलो असतो तरी त्याला कधी कळलं नसतं. पण सांगून झालं होतं.

माधवनं उजव्या हातानं गुटका घेतला. उलटा केला, सुलटा केला. अंगठ्यानं तासलेली कड चाचपली. मग आतल्या दाराकडे बघून एवढ्या मोठ्यानं ओरडला की स्मिता दचकली.

"अगं ये! बाहेर ये! होता! गुटका होता! म्हणत होतो का नव्हतो मी?"

त्याची बायको तांब्या घेऊन दारातच थबकली.

"दोन वर्षं झाली अण्णा," माधव म्हणाला, आणि त्याचा आवाज आता अगदी खाली आला होता. "चौकशीवाल्याला सांगितलं, गुटका होता. ते म्हणाले, मशीनवर काहीच सापडलं नाही. पोरांना विचारलं, सगळे म्हणाले, आम्ही नाही बघितला. मग मीच म्हणायला लागलो, नसंल. दोन्ही बटणं चांगली होती तर माझा हात आत गेला कसा? गुडघ्यानं दाबलं का बटण? डोक्यानं दाबलं? इथं खुर्चीवर बसून रोज करून बघतो. बसतच नाही हिशोब. हिला वाटलं मला भ्रम झालाय. मलाबी तसंच वाटाया लागलं."

मी माझं चित्र घेऊन दोन वर्षं बसलो होतो. त्याच्याकडे तर चित्रही नव्हतं. ते माझ्या माळ्यावर होतं, रंगाच्या डब्यात.

"आता शिव्या दे," मी म्हणालो. "मार. मी हलणार न्हाई."

त्यानं मान हलवली. "आज राग येत नाही अण्णा. आज नुसतं बरं वाटतंय. राग उद्या येईल. उद्या या."

चहा त्यानं दिला. गुटका परत दिला नाही. मी मागितलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो, बसनं. राग आलेला होता. तो काय काय बोलला ते इथं लिहिणार नाही, ते त्याचं आहे. मी उभा राहून सगळं ऐकलं. माझा तळहात एकदाही वर गेला नाही. त्याचं झाल्यावर आम्ही दोघं कारखान्यांच्या निरीक्षकाच्या कचेरीत गेलो आणि मी नवा जबाब लिहून दिला. सही केली. पुन्हा सावकाश केली, पण या वेळी मुद्दाम. चौकशी आता नव्यानं चालू आहे. माझं काय व्हायचं ते होईल, मी कुठं पळत नाही. दत्ताच्या टेम्पोचं त्या शॉपमधलं काम गेलं. आता तो दुसरीकडचा माल उचलतो आणि मीठ माझ्याकडे थेट मागतो.

चित्र अजून येतं. तेच, न बदललेलं. मागच्या मंगळवारी बाईंनी टन विचारले. म्हणालो, "पाच. हातानं फिरवायची प्रेस. तेवढं वजन राहू द्या, ते माझं हाय."

घरी आलो तर आवडा पिठाचा डबा उघडत होती, पोळ्यांची कणीक मळायला. म्हणालो, "भाकरी कर."

"तुमी बाहेर जाताय का?"

"न्हाई. हितंच बसतोय."

तिनं परात ओढली. मी समोर पाट घेऊन बसलो आणि पहिली भाकरी थापून होईपर्यंत तिच्या हातांवरून नजर काढली नाही.